स्वेटर म्हणायचं की जर्सी?

१९९५-९६ चा हंगाम. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाहुणा संघ बर्फावर उतरला, की रेंजर्सचे चाहते ठेका धरून ओरडायचे, 'आम्हाला फिश स्टिक्स हव्यात!' पाहुणे लांबचे नव्हते. शेजारच्या लाँग आयलंडवरचा आयलंडर्स हा संघ, १९८० ते १९८३ अशी सलग चार वर्षं बर्फावरच्या हॉकीतला सर्वोच्च चषक, म्हणजे स्टॅनले कप, जिंकलेला. त्या दिवशी बर्फावर आलेल्या पोरांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. त्यांच्या छातीवर दाढीवाला कोळी होता, एवढाच त्यांचा गुन्हा.

त्या हंगामापासून आयलंडर्सनी आपलं जुनं चिन्ह काढून नवं आणलं होतं. पावसाळी टोपी आणि कोट घातलेला, हातात हॉकी स्टिक घट्ट धरलेला दर्यावर्दी. खाली लाटा. लाटांची हौस इतकी, की पाठीवरचे आकडेसुद्धा पाण्यात पडल्यासारखे वाकडेतिकडे. बेट आहे, समुद्र आहे, मग कोळी हवाच, हा विचार तसा वाईट नव्हता. पण अमेरिकेत घरोघरच्या फ्रीझरमध्ये अगदी असाच एक दाढीवाला आधीपासून बसलेला होता. गॉर्टन्स या कंपनीच्या फिश स्टिक्सच्या, म्हणजे पावाचा चुरा लावलेल्या माशाच्या लांबट तुकड्यांच्या, खोक्यावर. उद्या मुंबईच्या क्रिकेट संघाच्या छातीवर माकडछाप दंतमंजनाच्या डबीवरचं चित्र आलं, तर वानखेडेवर काय होईल याची कल्पना मराठी वाचकाने करावी.

दोन हंगामांत कोळी गेला. जाता जाता संघाची आणखी एक शोभा झाली: याच काळात संघ विकत घ्यायला आलेला जॉन स्पॅनो नावाचा गृहस्थ खिशात पैसे नसलेला निघाला आणि पुढे तुरुंगात गेला. आयलंडर्सच्या त्या दिवसांवर २०१८ साली इंग्रजीत एक अख्खं पुस्तक निघालं. त्याचं नाव तीच गार्डनमधली आरोळी.

इथे थोडा खुलासा हवा. आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात, खडकीचा धनराज पिल्ले आठवतो. कॅनडात मात्र नुसतं 'हॉकी' म्हटलं की ती बर्फावरची. गवतावरची असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. हा खेळ खेळणारे आणि बघणारे लोक गोलांवरून जेवढे भांडतात, त्याच्या जवळपास तेवढेच कपड्यांवरून भांडतात. आणि त्या भांडणाची सुरुवात कपड्याला म्हणायचं काय, इथपासून होते.

जुना कॅनडियन माणूस 'स्वेटर' म्हणतो. अमेरिकन आणि नव्या पिढीतला कॅनडियन 'जर्सी' म्हणतो. जुन्याच्या कानाला 'जर्सी' बेसबॉलवाल्यांचा शब्द वाटतो आणि नव्याला 'स्वेटर' आजोबांचा. गंमत अशी, की आता दुकानात जो कपडा मिळतो त्यात लोकरीचा एक धागा नसतो. सगळं पॉलिएस्टर. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो खरोखरच स्वेटर होता: जाड विणीचा, बऱ्याचदा उंच गळ्याचा, अंगाला घट्ट. खेळ उघड्यावर गोठलेल्या तळ्यांवर किंवा थंडगार शेडमध्ये चालायचा आणि पॅड नावाला असायचे. धावून घाम आला, वर बर्फाचा चुरा वितळला, की लोकर ते सगळं पिऊन घ्यायची आणि तिसऱ्या सत्रात खेळाडू ओल्या घोंगडीसारखं ओझं अंगावर घेऊन पळत असे. इंग्रजीत स्वेटर हा शब्दच मुळी घामावरून आलेला. आपल्याकडे तो थंडीच्या ट्रंकेतून आला, म्हणून घामाशी असलेलं त्याचं नातं आपल्या लक्षात येत नाही.

आणि जर्सी? सांगली-कोल्हापूरच्या वाचकापुढे हा शब्द चारा खात उभा राहतो. त्यात चूक काही नाही. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रात जर्सी नावाचं छोटंसं बेट आहे. गाय तिथली, विणकामही तिथलं. त्या बेटावरचे लोक शतकानुशतकं लोकर विणत आले, आणि तो जाड विणीचा अंगरखा घालायचे मुख्यतः कोळी. म्हणजे आयलंडर्सच्या जर्सीवर कोळी आला म्हणून जग हसलं खरं, पण भाषेच्या हिशेबाने तो बिचारा आपल्याच घरी आला होता.

क्वेबेकच्या फ्रेंच भाषकांचा तिसराच शब्द, 'शांदाय'. त्याची व्युत्पत्ती मोठी खमंग आहे. पॅरिसच्या मंडईत लसूण विकणारे लोक जाड विणीचा अंगरखा घालत. लसूणवाला म्हणजे 'मार्शां दाय'; बोलता बोलता पुढचं गळालं आणि 'शांदाय' हे कपड्याचंच नाव झालं. एक शब्द कोळ्यांकडून, एक लसूणवाल्यांकडून. मालवणी वाचकाला पुढचं सांगायला नको.

हा शांदाय कॅनडाच्या नोटेवर पोचला. क्वेबेकमधल्या सेंत-जुस्तीन गावचे लेखक रॉक कॅरिए यांची १९७९ सालची एक छोटी कथा आहे, इंग्रजीत 'द हॉकी स्वेटर' म्हणून प्रसिद्ध. काळ १९४६ चा. गावातली सगळी पोरं माँट्रियल कॅनेडियन्सच्या मोरीस रिशारची भक्त. सगळ्यांच्या अंगात लाल-पांढरा-निळा स्वेटर, सगळ्यांच्या पाठीवर ९ हाच आकडा. एका पोराचा स्वेटर आखूड होतो. आई ईटन्स या मोठ्या दुकानाच्या कॅटलॉगमधून नवा मागवते. तिला छापील फॉर्म भरणं आवडत नाही, म्हणून ती हाताने पत्र लिहिते. खोकं येतं, आणि आतून निघतो टोरंटो मेपल लीफ्सचा निळा स्वेटर. शत्रूचा! परत पाठवावा तर दुकानाचा मालक इंग्रज, त्याला वाईट वाटेल, असं आईचं म्हणणं. पोराला तो निळा स्वेटर घालून मैदानात जावंच लागतं. शेवटी तो चर्चमध्ये जाऊन देवाकडे काय मागतो? पुष्कळशी कसर, जी येऊन हा स्वेटर खाऊन टाकेल.

या कथेवर १९८० साली कॅनडाच्या राष्ट्रीय फिल्म बोर्डाने अॅनिमेशनपट केला आणि २००२ मध्ये निघालेल्या पाच डॉलरच्या नोटेवर कथेतला उतारा फ्रेंच आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत छापला गेला. त्यामुळे 'स्वेटर' म्हणणाऱ्यांच्या हातात बरीच वर्षं हुकमाचा पत्ता होता. वाद वाढला की पाकिटातून नोट काढायची आणि समोर धरायची.

माँट्रियलच्या त्या लाल कपड्याला तिथले लोक 'सेंत-फ्लानेल' म्हणतात, पवित्र फ्लॅनेल. आपण पीतांबराला सोवळं म्हणतो तसं. छातीवरच्या 'सी'च्या पोटात 'एच' असतो. हा 'एच' 'आबितां'चा, म्हणजे क्वेबेकच्या जुन्या शेतकऱ्यांचा, असं अमेरिकेत कुणीतरी ठोकून दिलं आणि संघाला 'हॅब्ज' हे नाव कायमचं चिकटलं. वास्तविक तो 'एच' हॉकीचा आहे. क्लबच्या फ्रेंच नावातलाच. पण शंभर वर्षं जुनी चूक दुरुस्त करायला कोण जातो?

याच संघाने १९१२-१३ मध्ये गळ्यापासून कमरेपर्यंत लाल, पांढऱ्या, निळ्या आडव्या पट्ट्यांचा स्वेटर घातला होता. पाश्चात्त्य न्हाव्याच्या दुकानाबाहेर रंगीत पट्ट्यांचा खांब असतो, त्यावरून त्याला 'बार्बर पोल' म्हणतात. शताब्दीनिमित्त फेब्रुवारी २००९ मध्ये बॉस्टनविरुद्ध तो पुन्हा अंगावर चढला, पायमोजेही तसेच पट्ट्यापट्ट्यांचे. दणकट पोरं त्या वेशात ताशी तीस-चाळीस किलोमीटरने गरागरा फिरत होती. बघणाऱ्याचे डोळे फिरले. तरीही तो कपडा विकला गेलाच.

नव्वदच्या दशकात संघांना हे वेड का लागलं, याचं उत्तर सोपं आहे. पैसा. १९९१ मध्ये सॅन होझेचा शार्क्स हा नवा संघ हिरवट-निळ्या रंगात आणि स्टिक चावून तोडणाऱ्या शार्कसह अवतरला. पहिल्या वर्षी मैदानात मार खाल्ला, दुकानात मात्र त्याने सगळ्यांना धुतलं. दोन वर्षांनी डिस्नीने बदकांचा संघ आणला. मग प्रत्येक मालकाला वाटायला लागलं, की आपल्याकडेही एखादा प्राणी, थोडा हिरवट-निळा रंग आणि चित्रपटाच्या पोस्टरसारखं काहीतरी हवं. १९९५-९६ मध्ये नॅशनल हॉकी लीगने, म्हणजे एनएचएलने, पाच संघांना घरच्या आणि बाहेरच्या जोडीला 'तिसरी' जर्सी काढू दिली, आणि चाहत्यांना बारसं करायला पाच नवी बाळं मिळाली.

लॉस एंजेलिस किंग्जच्या छातीवर डाव्या कोपऱ्यात दाढीवाला राजा आला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'बर्गर किंग'. वेन ग्रेट्झ्कीसारखा या खेळातला सार्वभौम माणूससुद्धा तो घालून हास्यास्पद दिसला. अॅनाहाइमच्या जर्सीवर गोलकीपरचा मुखवटा घातलेलं बदक बर्फ फोडून बाहेर उसळत होतं. मोजक्या सामन्यांत ते गुंडाळलं गेलं. बॉस्टन ब्रुइन्सचं पिवळ्या रंगावरचं अस्वल उग्र दिसावं म्हणून काढलं होतं. ते इतकं सात्त्विक निघालं, की त्याला पोरांच्या गोष्टीतल्या 'पू' अस्वलाचं नाव मिळालं. तरी दहा वर्षं टिकलं.

या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात येते. संघाचा जाहिरात विभाग पत्रक काढतो, त्यात 'वारसा', 'वेग', 'शहराचा आत्मा' असे शब्द असतात. ते पत्रक आठवडाभरात रद्दीत जातं. वरच्या स्वस्त बाकांवरून ओरडून दिलेलं नाव मात्र तीस वर्षं टिकतं, आणि शेवटी संघालाही तेच वापरावं लागतं. नाव ठेवणे या वाक्प्रचाराचे मराठीत दोन अर्थ आहेत. हॉकीच्या चाहत्यांना दोन्ही एकदमच अभिप्रेत असतात.

नावं ठेवण्यातली सर्वांत वरची पायरी टेक्सासात गाठली गेली. डॅलस स्टार्सनी २००३ मध्ये तिसरी जर्सी काढली. कल्पना कागदावर देखणी होती: वृषभ राशीचं नक्षत्र, ताऱ्यांतून उमटणारं बैलाचं मस्तक, बाजूला वळलेली दोन शिंगं. पण ते चित्र छातीवर आलं तेव्हा बैल कुणाला दिसलाच नाही. दहावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातली स्त्रीच्या प्रजनन संस्थेची आकृती मात्र सगळ्यांना दिसली. गाईच्या हंबरण्याला इंग्रजीत 'मू', गर्भाशयाला 'यूटरस'. दोहोंचा संधी: 'मूटरस'. पाणिनीनेही मान डोलावली असती. २००६ मध्ये स्टार्सनी तो बैल सोडून दिला.

त्याच वर्षी बफेलो सेबर्स फसले. १९७० ते १९९६ त्यांच्या छातीवर दोन तलवारी आणि वर झेपावणारा रानगवा होता. तो गेल्यावर दहा वर्षांनी नवा, वेगवान, वळणदार गवा आणला. वळण इतकं, की पाय काढायचे राहूनच गेले. नुसतं डोकं आणि मागे निमुळतं होत गेलेलं लुसलुशीत अंग. करायला गेले गवा आणि झाली गोगलगाय. चाहत्यांनी बिनशंखाच्या गोगलगाईचं इंग्रजी नाव जोडून 'बफा-स्लग' केलं. पण पुढचा भाग जास्त बोलका आहे: शिव्या देत देत लोकांनी ती विकत घेतली. संघ त्या हंगामात सुसाट खेळत होता आणि जिंकणाऱ्या संघाची गोगलगायही गोड लागते. २०१० मध्ये तलवारी परत आल्या.

व्हँकुव्हरची कथा याच्याही आधीची आणि माणसाच्या स्वभावावर जास्त प्रकाश टाकणारी. १९७८ मध्ये कनक्स संघाने सॅन फ्रान्सिस्कोच्या डिझाइनर मंडळींना बोलावलं. त्यांनी निदान केलं, की तुमचा निळा-हिरवा फार शांत आहे, त्याने खेळाडू थंड पडतात. काळा, नारिंगी आणि पिवळा घाला, म्हणजे अंगात आक्रमकता येईल. मग खांद्यांपासून पोटापर्यंत उतरणारा भला थोरला 'व्ही' काढला. कनक्स त्यात लहान मुलांच्या भुताखेतांच्या सणाला निघाल्यासारखे दिसायचे आणि जग त्यांना हसायचं. १९८२ मध्ये हाच संघ हाच 'व्ही' घालून स्टॅनले कपच्या अंतिम फेरीत पोचला. तिथे आयलंडर्सकडून हरला, त्याच आयलंडर्सकडून, जे तेव्हा अजून कोळ्याविना सुखात होते. पुढचं चिन्ह म्हणजे घसरत निघालेला स्केट, ज्याच्या रेघांमुळे त्याला 'शेवयांची ताटली' म्हणत. तो घालून १९९४ ची अंतिम फेरी सातव्या सामन्यापर्यंत नेली आणि रेंजर्सकडून हरले. आज व्हँकुव्हरच्या रस्त्यावर ती शेवयांची ताटली मोठ्या अभिमानाने फिरते. २०२२ मध्ये संघाने ती तिसरी जर्सी म्हणून पुन्हा घेतली. हरलेल्या अंतिम सामन्याची आठवण लोकांना इतकी प्रिय का असते, ते मुंबईत रणजीच्या गप्पा मारणाऱ्या कुणालाही विचारावं.

अॅरिझोनाच्या कायोटीजचंही तसंच. १९९६ मधलं त्यांचं होपी कचिना बाहुल्यांच्या धाटणीचं चित्र लोकांना नशेत काढल्यासारखं वाटायचं, तसं टोपणनावही पडलं. पंचवीस वर्षांनी, २०२१ मध्ये, तीच त्यांची मुख्य जर्सी झाली. २०२४ मध्ये संघच गाव सोडून युटाला गेला. जर्सी वर्गात पहिली आली आणि शाळा बंद पडली.

सगळ्याच वादांत हसू येत नाही. शिकागो ब्लॅकहॉक्सचा लाल स्वेटर कित्येक चाहते जगातला सर्वांत देखणा मानतात. संघाचं नाव पहिल्या मालकाच्या लष्करी तुकडीवरून आलं आणि तुकडीचं सॉक जमातीच्या ब्लॅक हॉक या नेत्यावरून. १९२६ पासून साठ वर्षं ते दोन शब्दांत लिहीत. १९८६ मध्ये जुनी कागदपत्रं बघताना ते एक शब्द असल्याचं आढळलं आणि जागा मिटवली. शब्दांमधल्या एका जागेवरून झालेला हा वाद सोपा होता. छातीवरच्या पिसं लावलेल्या मूलनिवासी चेहऱ्यावरचा वाद सोपा नाही. २०२० मध्ये क्लबने नाव व चिन्ह ठेवणार असं जाहीर केलं आणि प्रेक्षकांना पिसांचे मुकुट घालून स्टेडियममध्ये यायला बंदी केली. म्हणजे प्रेक्षकाच्या डोक्यावर जे चालत नाही ते खेळाडूच्या छातीवर चालतं. कपडा कितीही सुंदर असला तरी हा युक्तिवाद काही नीट बसत नाही.

आता पाठीकडे वळू. १९७७-७८ मध्ये लीगने खेळाडूंची नावं पाठीवर हवीत असा नियम केला. टोरंटोचे मालक हॅरल्ड बॅलर्ड भडकले. नावं फुकट दिसली तर सामन्याची छापील माहितीपुस्तिका कोण विकत घेणार? दंडाची धमकी आली तेव्हा त्यांनी नियम पाळला. निळ्या स्वेटरवर निळ्याच अक्षरांत. फेब्रुवारी १९७८ मध्ये मेपल लीफ्स शिकागोत असे उतरले: नावं होती, शिवलेली होती, दिसत नव्हती. पुण्याच्या एखाद्या पाटीलाही हेवा वाटावा असा हा खवचटपणा. लवकरच त्यांना माघार घ्यावी लागली.

फिलाडेल्फिया फ्लायर्सनी तर १९८१ मध्ये चड्डीच्या जागी लांब पँट आणली. दिसायला झाडूवाल्याचा पोशाख. पण खरी अडचण घसरण्याची. खेळाडू पडला की गुळगुळीत कापडावरून थेट कठड्यापर्यंत सूं करत जायचा. दोन हंगामांत लीगने बंदी घातली. २००७ मधली रीबॉकची पाणी न शोषणारी नवी जर्सीही अशीच शहाणी होती. घाम तिच्यावरून ओघळून हातमोज्यांत आणि बुटांत जमा व्हायला लागला आणि खेळाडूंनी बोंब ठोकली. जुनी लोकर निदान घाम स्वतःकडे ठेवायची.

खरा शौकीन मात्र या सगळ्याआधी जर्सी उलटी करून बघतो. आत, पाठीच्या खालच्या काठाला, कापडाचा दुहेरी शिवलेला एक आखूड पट्टा असतो. त्याला 'फाइट स्ट्रॅप' म्हणतात. या खेळात मारामारी अधूनमधून होतेच, आणि समोरच्याची जर्सी मागून ओढून डोक्यावर घेतली की त्याचे हात आत अडकतात, मग ठोसे खायचे. म्हणून जर्सी या पट्ट्याने पँटला बांधून ठेवायची. बफेलोचा रॉब रे उलट चालीचा: तो जर्सी मुद्दाम सैल ठेवायचा, ती चटकन निघून जायची आणि समोरच्याला धरायला काही उरायचं नाही. अखेर त्याच्यासाठी नियमच बदलला. पट्टा न बांधता लढला तर बाहेर. दुकानातल्या अस्सल जर्सीलाही हा पट्टा असतो. ती ऑफिसात घालून जाणाऱ्या गृहस्थाला पट्ट्याचा उपयोग काय, हे विचारायचं नसतं.

फिश स्टिक्सवाला कोळी २०२२ मध्ये परत आला. लीगच्या सगळ्या बत्तीस संघांनी जुने कपडे उलट्या रंगांत काढले होते, आणि आयलंडर्सनी गडद निळ्यावर नारिंगी घेऊन नेमका तोच निवडला. ज्यांच्या बापांनी तो लपवून ठेवला होता, ती पोरं तो घालून आली.

आणि न्यू जर्सी डेव्हिल्स. या राज्याचं नावही त्याच गाई-लोकरीच्या बेटावरून पडलं. २०२१ मध्ये संघाने काळी तिसरी जर्सी काढली आणि तिच्या छातीवर वळणदार अक्षरांत एकच शब्द लिहिला: जर्सी. जर्सीवर 'जर्सी' लिहिलंय म्हणून लोक अजून हसतात. न्यू जर्सीत मराठी घरं पुष्कळ आहेत. तिथल्या भाचीने या दिवाळीला ती पाठवली, तर अंगात घालण्याआधी आतला पट्टा तेवढा बघून घ्या.